वेड्या राघूच्या बिळापाशी

वेडा राघू आकाराने जेमतेम चिमणीएवढा. अंगाने हिरवा, डोळ्यांवरून काळी पट्टी, शेपटीच्या मधोमध दोन बारीक पिसं लांब निघालेली. तो तारेवर बसतो, उडती माशी किंवा मधमाशी हवेतच टिपतो आणि पुन्हा तारेवर येऊन ती आपटून गिळतो. विणीच्या दिवसांत त्याची सगळी धावपळ जमिनीलगत असते. ओढ्याच्या दरडीत किंवा मोकळ्या मातीच्या उतारावर तो आडवं बीळ खणतो. आत अंडी, मग पिल्लं. नर-मादी दोघंही चोचीत किडा धरून येतात. पण आसपास कुणी माणूस दिसला, की दोघंही बिळात शिरत नाहीत. जवळच्या काटकीवर चोचीतला किडा तसाच धरून बसून राहतात.

इतकं तर पक्षी पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पुण्याच्या आबासाहेब गरवारे कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे मिलिंद वाटवे यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. राघू बसून राहतो तो माणूस जवळ आहे म्हणून, की माणसाला आपलं बीळ दिसतंय हे त्याला कळतं म्हणून? माणूस तितक्याच अंतरावर आहे, पण मध्ये झुडूप किंवा मातीचा उंचवटा आल्याने त्याला बीळ दिसत नाही, अशा वेळी राघू काय करील?

प्रयोग या प्रश्नातूनच सुचला. बिळापासून साधारण सारख्याच अंतरावरच्या दोन जागा निवडायच्या. एकीवरून बीळ दिसतं, दुसरीवरून दिसत नाही. एकदा या जागी उभं राहायचं, एकदा त्या, आणि पक्षी आत शिरतो की नाही याची नोंद करायची. दुसऱ्या मालिकेत माणूस आपली नजर बिळाकडे किंवा बिळापासून दूर ठेवायचा. उत्तर स्पष्ट निघालं. माणसाला बीळ दिसत नसे किंवा त्याची नजर दुसरीकडे असे, तेव्हा राघू अधिक वेळा आत शिरत. माणसाच्या नजरेचा बिळाशी असलेला कोन जितका मोठा, तितकी आत जाण्याची शक्यता जास्त. तोच कोन खुद्द पक्ष्याच्या संदर्भात मोजला, तर मात्र त्याचा परिणाम दिसत नव्हता. म्हणजे 'हा माझ्याकडे पाहतोय का' एवढाच हिशेब राघू करत नव्हता. 'याला माझं घर दिसतंय का' हे तो पाहत होता.

या कामाचा पहिला निबंध 1999 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला आणि दुसरा, अधिक नेटका, 2002 मध्ये 'अॅनिमल कॉग्निशन'मध्ये. दुसऱ्याला काय दिसतं याचा अंदाज प्राण्यांना बांधता येतो का, हा वाद त्या काळी मुख्यतः चिंपांझींवर चालला होता आणि तो परदेशातल्या मोठमोठ्या संस्थांत. त्या वादात मातीत बीळ करणारा एक लहानसा पक्षी पुण्यातून दाखल झाला. सामग्री होती वही, घड्याळ आणि उन्हात न हलता उभी राहू शकणारी माणसं.

ही शेवटची गोष्ट लहान कॉलेजात भरपूर असते. मोठ्या संशोधन संस्थेत यंत्रं असतात, निधी असतो, पीएचडीचे विद्यार्थी असतात, आणि त्या प्रत्येकाला चार-पाच वर्षांत काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. कॉलेजात विशीच्या आतबाहेरची मुलं असतात. त्यांना अजून काय 'शक्य नाही' हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि सकाळी सहाला टेकडीवर जायला ती तयार असतात. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचं हे कॉलेज 1945 सालचं. कर्वे रस्त्यावर, रहदारीच्या ऐन गजबजाटात. वाटवे यांनी इथे वर्षानुवर्षं पदवीच्या मुलांना सोबत घेऊन संशोधन केलं. पुढे ते पुण्याच्या आयसर संस्थेत गेले आणि काही वर्षांनी तिथूनही बाहेर पडले. पण त्यांच्या विचारांची पद्धत या कॉलेजाच्या काळातच घडलेली दिसते: आधी प्रश्न, मग जे हाताशी असेल त्याने उत्तर.

याचा आणखी चोख नमुना प्रतिजैविकांचा आहे. स्ट्रेप्टोमायसिस ही मातीत राहणारी सूक्ष्मजीवांची प्रजाती. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो प्रामुख्याने हिचाच. स्ट्रेप्टोमायसिनपासून टेट्रासायक्लिनपर्यंत कितीतरी औषधं हिच्यापासून मिळाली. 1970 च्या दशकात हिच्यातून नवी जीवाणुरोधक द्रव्यं सापडण्याचा वेग शिखरावर होता. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून तो घसरला. औषध कंपन्यांनी त्यातून अर्थ काढला, की खाण संपली. वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणतंही नवं द्रव्य शोधलं नाही. दरवर्षी किती द्रव्यांची नोंद झाली याचे छापील आकडे घेतले आणि त्यांवर एक गणिती प्रारूप बसवलं. त्यात दोनच गृहीतं होती. मागच्या वर्षी यश मिळालं तर पुढच्या वर्षी शोधाचे प्रयत्न वाढतात, आणि नवं काही सापडण्याची शक्यता अजून न सापडलेल्या द्रव्यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. प्रारूपाने सांगितलं, की या एका प्रजातीत एकूण सुमारे 1,00,000 च्या घरात द्रव्यं असावीत आणि आजवर सापडली ती त्यांचा अगदी लहानसा अंश. वेग घसरला तो साठा संपल्यामुळे नव्हे, शोधणाऱ्यांनी शोधणं कमी केल्यामुळे. हा निबंध 2001 मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ मायक्रोबायॉलॉजी'त आला. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची चिंता जगभर वाढल्यापासून त्याचा हवाला पुन्हा पुन्हा दिला जातो.

2003 मध्ये याच मंडळींचा फुलांवरचा निबंध 'इकोलॉजिया'त छापून आला. काही झाडं आपल्या फुलांतली काही फुलं मकरंदाविना कोरडीच ठेवतात. कीटक येतो, फसतो, परागकण मात्र नेतो. ही फसवणूक टिकते कशी, हा त्यांचा प्रश्न होता. लेखकांत कृष्णमेघ कुंटे होते. भारतीय द्वीपकल्पातल्या फुलपाखरांवरचं त्यांचं पुस्तक 2000 साली आलं होतं आणि पुढे ते फुलपाखरांचे नावाजलेले अभ्यासक झाले. लेखकांत अपर्णा वाटवेही होत्या. सड्यांवरच्या वनस्पतींवरचं त्यांचं काम पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्यांना सुपरिचित आहे.

अमेरिकेत या प्रकारच्या कॉलेजांना लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. हजार-दोन हजार विद्यार्थी, बहुतेक सगळे पदवीचेच; पीएचडीचा अभ्यासक्रम नाही. प्राध्यापकाला संशोधन करायचं तर मदतनीस म्हणून विद्यार्थीच. थॉमस चेक 1970 मध्ये आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजातून बाहेर पडले आणि 1989 मध्ये त्यांना आरएनएच्या उत्प्रेरक गुणाच्या शोधासाठी नोबेल मिळालं. 1999 मध्ये त्यांनी एक निबंध लिहून दाखवलं, की अशा कॉलेजांतून पुढे विज्ञानात पीएचडी करणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठं आहे. जनुकं कापण्याच्या तंत्रासाठी 2020 चं नोबेल मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना यांची पदवीही कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजाची, 1985 ची.

आपल्याकडे फरक असा, की कॉलेज विद्यापीठाला संलग्न असतं. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, प्रश्नपत्रिका विद्यापीठाची, प्रयोगांची यादीही विद्यापीठाचीच. 'प्रॅक्टिकल'च्या जर्नलमध्ये मागच्या वर्षीच्या मुलाने जी आकृती काढली, तीच यंदाचा मुलगा काढतो. प्राणिशास्त्रात तर बरीच वर्षं बेडूक, झुरळ आणि गांडूळ कापणं म्हणजेच प्रॅक्टिकल अशी समजूत होती. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद केलं. तेव्हा अनेक विभागांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता त्या तासाला करायचं काय? त्या प्रश्नाचं चांगलं उत्तर कॉलेजच्या कुंपणाबाहेर होतं, आणि काही प्राध्यापकांना ते शंभर वर्षांपूर्वीच सापडलेलं होतं.

मालवणला 1884 मध्ये जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. सुट्या मिळाल्या की ते सह्याद्रीत जायचे. तिथल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश मिळाली. जेलीफिश म्हटलं की समुद्र, हे सगळ्यांच्या मनात पक्कं. आणि गोड्या पाण्यातली ही प्रजाती तोवर फक्त आफ्रिकेतलीच माहीत होती. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातले नेल्सन अॅनंडेल यांनी तिचं नाव ठेवलं लिम्नोक्निडा इंडिका. आघारकर पुढे बर्लिनला अॅडॉल्फ एंग्लर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकायला गेले आणि पहिल्या महायुद्धात तिथेच अडकून पडले. परतल्यावर ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. निवृत्तीनंतर, 1946 मध्ये, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था.

मुंबईतच सेंट झेवियर्स कॉलेजात स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर होते. त्यांनी वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. आज तो त्यांच्याच नावाने, ब्लॅटर हर्बेरियम म्हणून, कॉलेजात आहे आणि पश्चिम भारतातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्या माणसाची पावलं कधी ना कधी तिथे वळतातच. ब्लॅटर यांनी ताडमाडांवर, काश्मीरच्या फुलांवर, मुंबई इलाख्याच्या नेच्यांवर लिहिलं, आणि चार्ल्स मॅककॅन यांच्याबरोबर गवतांवर. गवतं हा वनस्पतिशास्त्रातला सर्वांत रूक्ष आणि कटकटीचा भाग. फुलं इतकी बारीक, की भिंगाशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. तो ग्रंथ 1935 मध्ये आला. त्याच्या आदल्याच वर्षी ब्लॅटर वारले होते.

त्यांच्या मागून त्याच कॉलेजात हर्मेनेगिल्ड सांतापाऊ आले, हे स्पेनमधल्या कॅटलोनियाचे. त्यांनी खंडाळा निवडलं. मुंबईहून आगगाडीने सहज पोचता येईल असं ठिकाण. वर्षानुवर्षं, सगळ्या ऋतूंत, पावसाळ्यात तर हटकून, ते विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात राहिले. 1953 मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. एकाच डोंगराची इतकी दीर्घ, पुन्हा पुन्हा पडताळलेली नोंद हे पगारी सर्वेक्षकाच्या एका दौऱ्याचं काम नाही. तिथे शनिवार-रविवारी जाणारा आणि सोमवारी वर्गावर परतणारा शिक्षकच लागतो. सांतापाऊ पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. महाबळेश्वरच्या परिसरात सापडणाऱ्या खर्पुडीच्या एका दुर्मीळ जातीला, सेरोपेजिया सांतापाउईला, त्यांचं नाव दिलेलं आहे.

जागा न सोडता टिकून राहणं, हे लहान कॉलेजाचं दुसरं भांडवल. त्याचं मोल पुण्याच्या माशांनी सर्वांत स्पष्ट दाखवलं.

मुळा-मुठेतल्या माशांची पहिली पद्धतशीर यादी फ्रेझर यांनी 1942 मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापली. दोन वर्षांनी सुटर यांनी तिच्यात भर घातली. 1963 मध्ये पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ टोणपी आणि मुल्हेरकर यांनी गोड्या पाण्यातल्या प्राण्यांची नवी नोंद केली. मधल्या काळात 12 जुलै 1961 ला पानशेत आणि खडकवासला फुटून नदीचा चेहराच बदलला होता. शहर वाढलं, मैला नदीत येऊ लागला. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गंबुसिया आणि गप्पी सोडले गेले, तिलापियाही आला. मग 2003 मध्ये दोन निबंध जवळजवळ एकाच वेळी आले. शिवाजीनगरच्या मॉडर्न कॉलेजातले हेमंत घाटे यांनी वाघ यांच्याबरोबर मुळा-मुठेतल्या माशांची नवी यादी केली. संजय खरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये जुन्या याद्या आणि नवी पाहणी शेजारी ठेवून साठ वर्षांत काय बदललं ते मांडलं: कोणत्या जाती दिसेनाशा झाल्या, बाहेरच्या कोणत्या शिरल्या.

बाजारातल्या कोळणीकडून मासे घेणं, नदीवर जाळं लावणाऱ्यांशी ओळख ठेवणं, माशाच्या पंखातले काटे आणि अंगावरच्या रेषेवरचे खवले मोजणं, फॉर्मलिनच्या बरणीवर पेन्सिलने चिठ्ठी लिहिणं. कामाचं स्वरूप हे असं. यात कुठेही चमक नाही. पण 1942 ची यादी नसती, तर नदीने काय गमावलं हे कुणाला सांगताच आलं नसतं. घाटे यांनी तर माशांबरोबर बेडूक, ढेकूणवर्गी कीटक आणि भुंगेऱ्यांवर निवृत्तीनंतरही काम चालू ठेवलं. भुंगेऱ्यांची ओळख पटवून देणारी माणसं देशात इतकी थोडी आहेत, की कुठल्याही कॉलेजातला विद्यार्थी छायाचित्र घेऊन त्यांच्याकडे जातो, हे कीटकांच्या अभ्यासकांमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

विदर्भातही अशी एक मोठी कथा आहे आणि ती महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. नागपूरची विज्ञान संस्था 1906 मध्ये व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून सुरू झाली. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात श्यामला चितळे शिकवत होत्या. 1918 चा जन्म. त्यांचा विषय होता जीवाश्म वनस्पती. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरांनी पसरला. एक थर आणि दुसरा थर यांच्या मधल्या शांत काळात तळी झाली, त्यांत झाडं वाढली, पानं-फळं गळली, आणि सिलिकाने भरून दगड झाली. छिंदवाड्यातल्या मोहगाव कलानला असे दगड शेतात पडलेले मिळतात. बाहेरून गारगोटी, आत फळाची एकेक पेशी शाबूत.

त्या पेशी पाहायच्या कशा? दगड करवतीने कापायचा, घासून गुळगुळीत करायचा, हायड्रोफ्लोरिक आम्लात थोडा वेळ ठेवायचा. आम्ल सिलिका खातं, सेंद्रिय भिंती किंचित वर उभ्या राहतात. मग ॲसिटोन टाकून त्यावर सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा बसवायचा आणि वाळल्यावर दुधावरची साय काढावी तसा तो अलगद उचलायचा. पेशींचा एक थर पापुद्र्यावर येतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जातो. पुन्हा घासायचं, पुन्हा आम्ल, पुढचा थर. असे ओळीने पापुद्रे काढत गेलं, की फळाचा आतला घाट मनात उभा राहतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल हाडापर्यंत पोचणारं विष आहे, हे लक्षात घेतलं तर त्या काळच्या कॉलेज प्रयोगशाळेत हे काम करणाऱ्यांच्या हाताच्या शिस्तीची कल्पना येते. चितळे यांनी हे तंत्र विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकवलं. निवृत्तीच्या वयात त्या अमेरिकेत गेल्या आणि क्लीव्हलंडच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात पुरावनस्पती विभागाच्या प्रमुख झाल्या. 1996 मध्ये त्यांनी कॅथलीन पिग यांच्यासह ओहायोतल्या डेव्होनियन काळातल्या एका संपूर्ण झाडाचं वर्णन केलं. त्याचं नाव क्लीव्हलंडोडेंड्रॉन ओहायोएन्सिस. तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

ही सगळी माणसं जे करू शकली, ते आज का कमी होतं, याचं कारण आळसात शोधणं अन्यायाचं ठरेल. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं. त्यावर परीक्षा, पेपर तपासणं, प्रवेश, मूल्यांकन समितीच्या फायली, निवडणुकीचं काम. अनेक कॉलेजांत कायम जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत. तासिका तत्त्वावरचा शिक्षक दोन-तीन कॉलेजं करत पोट भरतो. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही, हे त्याला माहीत नसतं. सांतापाऊंसारखं एका डोंगराकडे वर्षानुवर्षं जाणं त्याने कुठल्या भरवशावर सुरू करावं?

त्यात 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. निबंध छापला की गुण. हेतू चांगला असेल, पण परिणाम भयंकर झाला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, तर तीच पोखरलेली निघाली. 2018 मध्ये भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि इतरांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, आणि त्यातली 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिकं निकृष्ट दर्जाची असू शकतात असं 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं. यातलं सर्वांत मोठं नुकसान पैशाचं नाही. ज्या शिक्षकाच्या हाती गावचा ओढा होता, पाचशे विद्यार्थ्यांचे डोळे होते, त्याने ते सोडून देऊन इंटरनेटवरून चार परिच्छेद जुळवले आणि गुण मिळवले. पाहण्याची सवयच मोडली.

चांगलंही काही घडलं. जैवतंत्रज्ञान विभागाची 2008 पासूनची स्टार कॉलेज योजना पदवीच्या विज्ञान विभागांना थेट निधी देते, आणि त्या पैशातून अनेक ठिकाणी सूक्ष्मदर्शक आणि सहलींची सोय झाली. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची 'संशोधनासह ऑनर्स' पदवी आहे. त्यासाठी विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम शिक्षक लागतात. पुण्या-मुंबईत हे जमेल. तालुक्याच्या गावी एका विभागात एकच कायम शिक्षक असतो, तिथे ही अट दाराला कुलूप लावण्यासारखीच आहे. आणि प्रश्न तर तालुक्याच्या गावीच अधिक आहेत.

नार्नूरचंच पाहा. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे मंडलाचं गाव आज तेलंगणात आहे. किनवट आणि राजुरा हे भाग 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं भाषेवर बेतली गेली आणि ते आधी मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात गेले. माणसं, सोयरिकी आणि बाजार मात्र तसेच राहिले. नार्नूरच्या परिसरात गोंड, कोलाम, बंजारा आहेत, मराठी बोलणारे आंध आणि इतर शेतकरी आहेत. एकाच वर्गात गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू सगळं ऐकू येतं. पुढे शिकायचं तर मुलं उटनूरला, आदिलाबादला जातात, काही किनवटला, राजुऱ्याला.

इथल्या शेतात कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन. त्याच दख्खनच्या लाव्ह्याची काळी माती. दक्षिणेला कवालचं जंगल. 2012 मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. उत्तरेला पैनगंगेपलीकडे टिपेश्वर, आणि तिथले वाघ नदी ओलांडून आदिलाबादेत येतात. वाघाच्या बातम्या होतात. रानडुकराने आणि नीलगायीने खाल्लेल्या पिकाची बातमी होत नाही. होतो तो पंचनामा, तोही कधी कधी.

इथे कॉलेजातल्या जीवशास्त्राची पुन्हा गाठ पडते. वाटवे यांनी पुढच्या काळात अभिजित बायनी आणि स्थानिक शेतकऱ्यांबरोबर ताडोबा-अंधारीच्या पश्चिम सीमेवरच्या गावांत पिकांचं नुकसान मोजलं. हे काम 2016 मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आलं. जंगलापासून वेगवेगळ्या अंतरावरच्या शेतांत काय पिकतं, हे त्यांनी पाहिलं. जंगल जितकं जवळ तितकं नुकसान जास्त. आणि नुसत्या नजरेने पाहून केलेल्या अंदाजात खऱ्या नुकसानीचं पुरतं प्रतिबिंब उमटत नाही. कोवळी शेंग खाल्लेली तूर पुन्हा पालवते, लांबून हिरवीच दिसते, पंचनाम्यात ती 'उभं पीक' असते. पुढे त्यांनी भरपाईची वेगळी रीत सुचवली आणि शेतकऱ्यांसोबत करून पाहिली. शेतकऱ्याने आपलं उत्पन्न स्वतः सांगायचं. गटाच्या सरासरी घटीवरून भरपाईचा दर ठरायचा, आणि जो जास्त पिकवेल त्याच्या हाती जास्त रक्कम पडायची. उत्पन्न कमी सांगितलं तर स्वतःचंच नुकसान, म्हणून खोटं बोलण्यात फायदा उरत नाही. राघूच्या बिळापाशी ज्या डोक्याने प्रयोग रचला, तेच डोकं इथे सरकारी भरपाईच्या गुंत्यावर चाललं.

नार्नूरच्या आसपासच्या एखाद्या पदवी कॉलेजातला जीवशास्त्राचा शिक्षक हे उद्या सुरू करू शकतो. वर्गातल्या वीस मुलांची वीस शेतं, जंगलाच्या काठापासून वेगवेगळ्या अंतरावरची. प्रत्येक शेतात पाच बाय पाच मीटरचे चार चौकोन दोरीने आखायचे, त्यांतल्या दोनांना कुंपण. पेरणीपासून वेचणीपर्यंत दर पंधरवड्याला बोंडं मोजायची, खुरांचे ठसे पाहायचे. त्याच शेतात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा लावला, तर पतंगांची संख्याही वहीत येते. बीटी कपाशीलाही ती अळी आता दाद देत नाही, म्हणून कोणत्या आठवड्यात पतंग वाढतात हे कळणं शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचं आहे. कोलाम मुलगा रानभाज्यांची नावं सांगेल, ती ओळख पटवून हर्बेरियमच्या कागदावर चढवता येतील. ओढ्याच्या दरडीत वेडे राघू तर आहेतच.

खर्च दोरी, काठ्या, वह्या आणि सापळ्यांच्या गोळ्यांचा. जंगलात काम करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती यायला महिने जातात. शेतात फक्त मालकाची लागते, आणि इथे तो बहुतेक वेळा त्या विद्यार्थ्याचा बापच असतो.